मी तिथं हुतो

दिल्लीच्या मॅडमवर माझा अजून राग आहे. इतकी वर्षं झाली, आता सोडून दे, असं घरातले म्हणतात. मी सोडत नाही. मी सोडला तर त्या प्रकरणात राग धरून बसलेलं दुसरं कुणी उरणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

मी तेव्हा लॉ कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. दोन हजार साल नुकतंच मागं पडलं होतं. कोल्हापुरात बिंदू चौकाजवळ बांगड्यांच्या दुकानाच्या माडीवर एका वकीलसाहेबांचं ऑफिस होतं. दिल्लीच्या एका मानवी हक्क संस्थेचं इकडचं काम ते बघायचे. परदेशात कुठं युद्धात कत्तली झाल्या, माणसं उचलून नेली, तर तिथल्या मोठ्या अधिकाऱ्यांवर युरोपातल्या न्यायालयात खटले चालायचे. त्या खटल्यांसाठी भारतात परतलेले साक्षीदार शोधायचे आणि त्यांच्या जबान्या घ्यायच्या, हे संस्थेचं काम. साहेबांना मदतीला कुणीतरी हवं होतं, मी गेले. घरी सांगितलं, इंटर्नशिप करतेय. वडील म्हणाले, "म्हंजे उमेदवारी की." आई म्हणाली, "कुठला देश, कुठलं कोर्ट, त्यात आमची पोरगी काय करणार?" खरं तर मलाही ते कळलेलं नव्हतं. सुरुवातीला मी झेरॉक्स काढल्या, खालच्या टपरीवर चहा सांगितला आणि 'मानवतेविरुद्धचे गुन्हे' नावाच्या पत्रकातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दुरुस्त केल्या.

मग मॅडम आल्या, जबानी कशी घ्यायची ते शिकवायला. बारीक चणीच्या, हिंदी-इंग्रजीत सुरेख बोलणाऱ्या. मला त्या फार आवडल्या होत्या, हेही लिहायला पाहिजे. त्यांनी नियम सांगितले. साक्षीदाराचं नाव कागदावर येता कामा नये, त्याच्या जागी नुसती खूण. टेप करायचं नाही, कारण आवाजावरून माणूस ओळखता येतो आणि त्याच्या जिवाला धोका होतो. ओळख पटेल असं जे काही असेल ते काढून टाकायचं. पण उरलेलं मात्र जसं बोललं तसं, अक्षराला अक्षर. "साक्षीदाराचे शब्द हाच पुरावा आहे," मॅडम म्हणाल्या. "तुमची शाळेतली शुद्ध भाषा त्यात घुसडू नका."

मला ते ऐकून इतकं बरं वाटलं की विचारू नका. शाळेतल्या शुद्ध भाषेनं मला कमी छळलेलं नाही. कॉलेजतर्फे पुण्याला वक्तृत्व स्पर्धेला गेले होते, तिथं "मी आता मूळ विषयाकडे येतो" असं म्हणाले आणि अख्खं सभागृह हसलं. परीक्षकसुद्धा हसले. आता आमच्याकडं बायका असंच बोलतात, त्याला कोण काय करणार? मी जातो, मी येतो, मी जेवलो, मी बाजारात गेलतो. आई, मावशी, शेजारीण, भाजीवाली, डॉक्टरीण, सगळ्याजणी. त्यात बाईपण कमी होत नाही आणि कुणाची फसगतही होत नाही. मीही घरात तशीच बोलते. लिहायला बसले की तेवढं 'गेले, आले' करते, कारण शाळेत त्यासाठी हातावर छड्या घेतल्यात.

साक्षीदार निघाली ती आमच्याच शिवाजी पेठेत. मूळची कुरुंदवाडची, लिंगायत घरातली, पेशानं नर्स. पेठेत सगळे तिला आक्का म्हणायचे, म्हणून मीही आक्काच म्हणू लागले. नव्वदच्या दशकात ती परदेशात एका दवाखान्यात नोकरीला गेली होती. त्या देशाचं नाव मी आजही लिहीत नाही, तिनं घातलेली अट होती ती. तिथं यादवी पेटली आणि ती कशीबशी परत आली. आल्यावर तिनं कुणाला काही सांगितलं नाही. गल्लीतल्या एका दवाखान्यात इंजेक्शनं देत राहिली. साहेबांच्या आईला इंजेक्शन द्यायला घरी यायची, तिथं बोलता बोलता विषय निघाला आणि साहेबांनी कान टवकारले. "बाईमाणूस आहे, तू जा," ते मला म्हणाले.

मी गेले त्या दिवशी फुटबॉलची मॅच होती आणि आमच्या पेठेतलीच टीम जिंकलेली. खाली तालमीसमोर हलगी कडाडत होती, पोरं गुलालात लालभडक होऊन बोंबलत होती. आक्कानं खिडकी लावून घेतली आणि माझ्यापुढं भडंगाची ताटली सरकवली.

"खा आदी. मग लिव," ती म्हणाली. "एकदा सुरू झालो की मी थांबणार न्हाय. परत परत सांगायला लावू नगंस."

आणि ती खरंच थांबली नाही. दुपारची जेवणं चालली होती. वॉर्डात जखमी माणसं होती, एका बाजूची की दुसऱ्या बाजूची ते ती विचारत नसे. गाड्या आल्या, सैनिक आत शिरले. डॉक्टर मागच्या दारानं पळाले. सैनिकांबरोबर एक मोठा अधिकारी होता. आत येताना फुटलेल्या काचेनं त्याचा हात कापला होता. वॉर्डात उभं असलेलं एकच माणूस त्याला दिसलं. त्यानं तिच्यापुढं हात केला.

"मी ड्युटीवर हुतो," आक्का सांगत होती आणि मी लिहीत होते. "मी जखम धुतली. मी त्याला धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. मी हळू दिलं, बघ. दुखू न्हाय म्हणून हळू दिलं. सवयच तशी हाताला. आनि मी सुई काढस्तोवर त्याच्या माणसांनी सगळ्यास्नी खाली वढलं हुतं. चादरीसकट. एकाच्या पायाला मी सकाळीच प्लास्टर घातलतं. वलं हुतं अजून. फरशीवर पांढरा पट्टा उमटत गेला दारापतोर. त्यो अधिकारी मला थँक्यू म्हणाला आनि गेला."

मागच्या अंगणात काय झालं ते तिनं पाहिलं नाही, ऐकलं. ते ऐकलं म्हणून वेगळं सांगितलं, पाहिलं त्यात मिसळलं नाही.

खटला चालू होता त्याच अधिकाऱ्यावर. आणि त्याचं म्हणणं होतं की त्या दिवशी तो त्या गावात नव्हताच, राजधानीत बैठकीला होता. संस्थेकडं त्या वॉर्डातला दुसरा साक्षीदार नव्हता. म्हणजे तो तिथं होता हे सांगू शकेल असं माणूस एकच, आणि ते आमच्या पेठेत, तालमीच्या मागच्या गल्लीत राहत होतं. एवढी सरळ गोष्ट होती. तिनं त्याचा हात हातात धरला होता.

मी अक्षराला अक्षर लिहून घेतलं. वाचून दाखवलं. तिनं सही केली. नियमाप्रमाणं नाव वेगळ्या पाकिटात, बंद करून; ते न्यायालयाखेरीज कुणी उघडायचं नाही, दिल्लीनंही नाही. ओळख पटेल असं जे होतं ते खोडलं. कुरुंदवाड खोडलं, नवऱ्याचा उल्लेख खोडला, तिकडं तिला सगळे 'सिस्टर' म्हणायचे तेही खोडलं. साहेबांनी तपासलं आणि कागद दिल्लीला गेले.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. आक्का रस्त्यात भेटली की भुवई उडवायची. "काय म्हणत्यात दिल्लीवालं?" मी म्हणायचे, येईल, वेळ लागतो. आणि उत्तर आलं.

साक्षीदार हा पुरुष परिचारक असल्याचं जबानीवरून दिसतं, असं त्यात होतं. त्या दवाखान्यात त्या काळात एकही भारतीय पुरुष परिचारक कामाला नव्हता, हे तपासून पाहिलं आहे. त्यामुळं ही हकिकत ऐकीव असावी किंवा रचलेली असावी. जबानी वापरू नये.

मी आधी हसले. पुरुष परिचारक! साहेबांनी कपाळाला हात लावला. दिल्लीत भाषांतर करणारा माणूस मराठी घरातला, पण जन्मापासून तिकडंच वाढलेला. त्याच्यापुढं नाव नाही, आवाज नाही, सिस्टर नाही, नुसतं 'मी ड्युटीवर हुतो'. त्यानं इमानानं भाषांतर केलं. कोल्हापूरच्या बाईचा त्यानं बाप्या करून टाकला. आता एक फोन केला की मिटलं, असं मला वाटलं. तो माझा भाबडेपणा.

साहेबांनी फोन लावून माझ्या हातात दिला. मी मॅडमना सगळं समजावून सांगितलं. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "पण मी आमच्या अनुवादकाला विचारलं. तो म्हणतो, मराठीच्या व्याकरणात असं नाहीये."

"मॅडम, व्याकरणात नसेल. आमच्या तोंडात आहे."

"मग तुम्ही ती प्रमाण मराठीत का नाही लिहिलीत?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हणाले, "मॅडम, शाळेतली भाषा घुसडू नका, हे तुम्हीच सांगितलं होतं." त्यांनी एक उसासा टाकला, लहान पोराला समजावताना टाकतात तसा. म्हणाल्या, असं अडून बसायचं नसतं, काम व्हायला पाहिजे. नीट मराठीत पुन्हा लिहा, सही घ्या, पाठवा. अक्षराला अक्षर म्हणणारी हीच बाई! मी फोन आपटला. साहेब म्हणाले, "अगं, फोन माझा आहे."

साहेबांनी स्वतः बसून नवी जबानी तयार केली. 'मी तेव्हा कामावर होते. मी त्यांना इंजेक्शन दिले. मी घाबरले होते.' आम्ही दोघं आक्काकडं गेलो. तिनं चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला लागली. वाचता वाचता थांबली.

"ही कोण बाई?"

"तुम्हीच की, आक्का," साहेब म्हणाले.

"मी असं कवा बोललो? ही रेडिओवरची बाई वाटत्या." कागद तिनं उलटा करून ठेवला. "वकीलसाहेब, एक सांगा. मी एक सही केली हाय. आता ही दुसरी केली, तर पैल्या कागदाचं काय?"

साहेब वकील माणूस, त्यांना ते आधीच कळलेलं होतं, बोलवत नव्हतं इतकंच. मग म्हणाले, "दोन्ही कागद त्या अधिकाऱ्याच्या वकिलाला मिळणार. तो म्हणणार, पहिल्यांदा हा बाप्या होता, दिल्लीनं डोळे वटारल्यावर बाई झाला. फाडून खाईल तो."

"मग खोटं कोण ठरलं?"

"तुम्ही, आक्का."

"खरं बोलून?"

साहेबांनी मान खाली घातली. मी त्यांना इतकं लहान झालेलं कधी पाहिलं नव्हतं. आक्कानं नव्या कागदावर सही केली नाही. जुन्याच्या खाली एक ओळ मला वाढवायला लावली. ती बोलली तशी मी लिहिली: 'मी बाई हाय. आमच्यात बायका असंच बोलत्यात. वर सांगितलं त्यातलं कायबी बदलणार न्हाय.' त्याखाली तिनं सही केली. मी एक सविस्तर खुलासा लिहिला, साहेबांनी त्यावर शिक्का मारला आणि सगळं पुन्हा दिल्लीला धाडलं.

दिल्लीनं कळवलं, एखाद्या भाषातज्ज्ञाचं प्रमाणपत्र जोडा. मी मराठीच्या एका प्राध्यापकांकडं गेले. त्यांनी चहा पाजला आणि सांगितलं, ही ग्रामीण अशुद्धता आहे, तिला प्रमाणपत्र कसलं द्यायचं? दारातून त्यांच्या बायकोनं विचारलं, "मी जरा मंडईत जाऊन येतो, काय आणायचं हाय का?" प्राध्यापक म्हणाले, "कोथिंबीर आण." मी त्यांच्याकडं बघत बसले. त्यांच्या काही लक्षात आलं नाही. माझ्या हातात कप होता, तो मी खाली ठेवला. आजही वाटतं, नको ठेवायला होता.

शेवटी दुसऱ्या एका कॉलेजातल्या बाईंनी लिहून दिलं. ते पाठवलं. त्याचं उत्तर यायच्या आत साक्षीदार द्यायची मुदत संपली. दवाखान्याचा आरोप पुराव्याअभावी वगळला, असं दोन ओळींचं पत्र आलं. बाकीच्या आरोपांचा खटला पुढं वर्षानुवर्षं चालला, त्याचं काय झालं ते मी मुद्दाम वाचलं नाही. एवढं मात्र कळलं की त्या दिवशी तो अधिकारी राजधानीत होता, यावर नंतर कुणी वाद घातला नाही. म्हणजे कागदोपत्री तो तिथं नव्हता. आणि आक्काही तिथं नव्हती. मग त्या ओल्या प्लास्टरच्या माणसाला वॉर्डातून नेलं कुणी?

मी हे तिला सांगायला गेले तेव्हा ती कुणाच्या तरी पोराला इंजेक्शन देत होती. पोर रडत होतं. तिनं सुई काढली, कापूस दाबून धरला आणि मग माझ्याकडं बघितलं. मी सगळं सांगितलं. "बरं," एवढंच म्हणाली. मला तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर चाललं असतं. ती तशी तोंडाची फटकळ. माझी उमेदवारी तिथंच संपली. मी साहेबांचं ऑफिस सोडलं आणि इथल्याच कोर्टात वकिली सुरू केली.

काही वर्षांनी मॅडम कोल्हापुरात व्याख्यानाला आल्या. विषय होता आंतरराष्ट्रीय न्याय आणि साक्षीदार. मी आक्काला सहज बोलून गेले. ती म्हणाली, "मी येतो." मी म्हटलं, आक्का, कशाला? "बघायचं हाय, कशा दिसत्यात." इरकली साडी नेसून, केस चापून बांधून ती माझ्याआधी सभागृहात येऊन बसली होती. शेवटून दुसऱ्या रांगेत. मी तिच्या शेजारी बसले.

मॅडम छान बोलल्या, नेहमीसारख्या. मग भाषेच्या अडचणींवर आल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. म्हणाल्या, तुमच्याच भागातला एक किस्सा सांगते. आमच्याकडं एका पुरुष नर्सची जबानी आली होती. काय जबरदस्त जबानी होती! आम्ही त्याला जगभर शोधलं. नंतर कळलं, तो पुरुष नव्हताच, ती कोल्हापूरची बाई होती!

व्यासपीठावरचे हसले. पुढच्या खुर्च्यांमधले पाहुणेही हसले. मागं कॉलेजच्या पोरी बसल्या होत्या, त्या एकमेकींकडं बघायला लागल्या, त्यांना हसायचं नेमकं कशाला ते कळेना. ज्या जबानीत माणसं फरफटत नेल्याचं होतं, तिचा यांनी किस्सा केला होता. गावोगावी सांगत असणार. मी उठणार तेवढ्यात माझ्या शेजारची खुर्ची वाजली.

आक्का उभी राहिली होती. जिनं नाव पाकिटात बंद केलं होतं, देशसुद्धा सांगू नको म्हणून मला शपथ घातली होती, ती भर सभागृहात उभी होती. मी तिचा पदर ओढला. तिनं माझा हात बाजूला केला.

"मॅडम," ती म्हणाली. खणखणीत आवाजात, वॉर्डात हाक मारावी तशी. "तुमचा त्यो बाप्या मीच."

मॅडमनी शेजारच्या प्राचार्यांना हळूच काहीतरी विचारलं. प्राचार्य आक्काचं बोलणं त्यांना हिंदीत सांगत राहिले.

"मी बाई हाय," आक्का म्हणाली. "मी तिथं हुतो. त्योबी तिथं हुता. मी त्याचा हात धरलता. आता माझं त्वांड बघितलंसा, आवाज ऐकलासा. आता तरी लिवून घ्या."

मॅडमच्या पुढं कागद होता. पेन होतं, टोपण काढून ठेवलेलं. मागच्या पोरींतली एकजण उठून उभी राहिली, मग तिच्या शेजारची. आम्ही सगळ्याजणी मॅडमच्या हाताकडं बघत होतो. त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला, एक घोट घेतला आणि पुढचा प्रश्न कुणाचा आहे, असं विचारलं.